हातानं काढलेलं अल्बम कव्हर: प्रकल्प नोंदी, सोलापूर

३ फेब्रुवारी: मागणी आणि करार

बँड सोलापूरचाच, चौघांचा: गिटार, बेस, ड्रम आणि हलगी. आठ गाणी. पाच मराठी, दोन तेलुगू, एक कन्नड. साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत जाताना या तिन्ही भाषा कानावर पडतातच, त्यामुळे कव्हरवर लिपी कोणती हा विषय पहिल्याच बैठकीत निघाला. ठरलं ते असं: समोर फक्त देवनागरी, आत ज्या भाषेतलं गाणं त्या लिपीत.

कामाची यादी लेखी घेतली. ऑनलाइन सेवांसाठी चौकोनी कव्हर, सीडीची आठ पानी पुस्तिका आणि मागचं कार्ड, कॅसेटचं जे-कार्ड (डबीत घडी घालून बसणारं कव्हर), आणि कार्यक्रमात विकायला स्क्रीन प्रिंट केलेली (जाळीतून शाई ओढून छापलेली) ५० पोस्टरं. टी-शर्ट यात नाहीत. ते नंतर सुचणारच आहेत, म्हणून "इतर वस्तूंसाठी वेगळा मोबदला" हे आत्ताच लिहून ठेवलं.

कराराचा मुद्दा चित्रकार मंडळी हमखास उलटा धरून चालतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. चित्रकाराला हक्क स्वतःकडे ठेवायचे तर ते कागदावर हवं. कलम १९ चंही तसंच: हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑनलाइन अल्बम कुठूनही ऐकला जातो, तेव्हा "जगभर" हा शब्द बँडच्याच फायद्याचा.

कलमं थोडक्यात: मूळ कागद चित्रकाराकडे. अल्बम आणि त्याच्या जाहिरातीसाठी वापर बँडला. दुरुस्त्या पेन्सिलच्या टप्प्यावर दोनदा, शाई लागल्यावर एकही नाही. पैसे ४०-३०-३०: सुरुवातीला, पेन्सिल पसंत पडल्यावर, फायली देताना.

५ फेब्रुवारी: माप

चित्राच्या आधी माप. एकच चित्र पोस्टरवर हातभर दिसणार आणि फोनवर नखाएवढं. मूळ कागदावरचं माप असं निवडलं की हिशेब तोंडी व्हावा.

मूळ चित्र ३०० × ३०० मिमी. चारी बाजूंनी ७.५ मिमी जास्तीचं रेखाटन, म्हणजे कागदावर एकूण ३१५ मिमी. ऑनलाइन कव्हर ३००० × ३००० पिक्सेल, तेव्हा १ मिमीला १० पिक्सेल. यादीत दिसणारं ३०० पिक्सेलचं छोटं चित्र घेतलं तर १ मिमीला बरोबर १ पिक्सेल. सीडी पुस्तिका १२० मिमी, म्हणजे ०.४ पट, आणि ७.५ मिमीची जास्तीची कड त्यात ३ मिमी होते, जी छापखाना मागतोच. पोस्टर मूळ चित्राच्याच मापाचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण रंगांच्या फिल्म (दर रंगाला एक पारदर्शक पत्रा) हातानं काढल्या की त्याच थेट छपाईच्या स्क्रीनवर, म्हणजे जाळीवर, उतरवायचा विचार आहे.

पेनांचा हिशेब याच पटीत. पिग्मा मायक्रॉन या शाईच्या पेनांत ००५ म्हणजे ०.२० मिमी, ०१ म्हणजे ०.२५, ०५ म्हणजे ०.४५, ०८ म्हणजे ०.५० मिमी. ००५ ची रेष सीडीवर ०.०८ मिमी उरते, मधेमधे तुटते. ०१ ची ०.१० मिमी, ती काठावर. म्हणून या चित्रात ०५ पेक्षा बारीक पेन नाही. टेबलावर ००५ ची नाजूक छटा फार देखणी दिसते हे खरं, पण ते देखणेपण बघायला मूळ कागद फक्त आपल्यासमोर असतो.

कॅसेटचं जे-कार्ड उभं: पुढचा भाग ६५ × १०१.६ मिमी, कणा १२.७, मागची पट्टी साधारण १६. चौकोनातून एवढा उभा तुकडा काढायचा तर मूळ चित्राच्या मधला १९२ मिमी रुंदीचा पट्टाच दिसतो. अक्षरं आणि चारही वाद्यं या पट्ट्यात बसली पाहिजेत. पेन्सिलनं दोन उभ्या रेषा आत्ताच मारून ठेवल्या.

९ फेब्रुवारी: मागापाशी

बँडला आधी सिद्धेश्वर तलाव हवा होता, मग भुईकोट किल्ला. दोन्ही काढले असते तर कव्हर दिनदर्शिकेचं पान झालं असतं. यंत्रमागावर सगळ्यांचं जमलं: वर जकार्ड (कोणता धागा उचलायचा ते पंच कार्डांवरून ठरवणारं यंत्र), मधे दोऱ्या, खाली विणून निघणारी चादर आणि चादरीच्या नक्षीत चार वाद्यं.

एक सूचना बाजूला ठेवली. चादरीवरच्या छापील लेबलची नक्कल करून त्यात बँडचं नाव घालावं, अशी ती होती. लेबलावरचं चिन्ह कुणाचा तरी ट्रेडमार्क असतो, आणि "सोलापुरी चादर" हे नाव भौगोलिक मानांकनात नोंदलेलं आहे. नक्षी स्वतः रचलेली बरी.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माग चालू असताना आणि थांबवून, दोन्ही वेळा रेखाटनं केली. हे कव्हर आधी सोलापुरात बघितलं जाणार आणि इथं घरटी एखादा माग ओळखणारा असतो. माग चित्रात ज्या जागी हमखास चुकतो त्या या:

जकार्डमधून खाली येणाऱ्या उभ्या रेषांना बाहेरचे लोक ताणा, म्हणजे कापडाचे लांबीचे धागे, समजतात. त्या हार्नेसच्या, म्हणजे ताणा उचलणाऱ्या, दोऱ्या. ताण्याचे धागे मागच्या बीमवरून (धागे गुंडाळलेल्या रुळावरून) आडवे पुढं येतात आणि प्रत्येक धागा एका दोरीतल्या डोळ्यातून ओवलेला असतो. दोऱ्या हुकांपासून पंख्यासारख्या पसरतात, भोकांच्या फळीतून जातात, आणि फळीखाली एकदम सरळ, समांतर होतात. प्रत्येकीच्या टोकाला लोखंडी वजन लोंबतं, कारण उचललेली दोरी परत खाली ओढायला तेच असतं. पंखा थेट कापडापर्यंत नेला तर माग कळणारा माणूस तिथंच हसेल.

पंच कार्डांची माळ: भोक असेल तिथं सुई आत जाते, हुक जागेवर राहतो आणि पातं त्याला उचलतं. भोक नसेल तिथं कार्ड सुईला मागं ढकलतं, हुक पात्यावरून सुटतो, धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक ओळ. म्हणून माळ लांब असते आणि घड्या पडत लोंबते. चित्रात पाच-सहा कार्डं काढून भागत नाही. माळ कडेबाहेर जाताना दाखवायची.

१२ फेब्रुवारी: लहान कच्ची चित्रं

३० मिमीच्या चौकोनात जाड मार्करनं कच्ची चित्रं. एवढ्या मापात तपशील काढताच येत नाही, म्हणून फक्त काळ्या-पांढऱ्याची वाटणी उरते. एक निवडलं: वरचा तिसरा भाग जवळपास पूर्ण काळा (जकार्डचा सांगाडा), मधला भाग रेषांचा, खालचा रंगीत.

दोऱ्यांचा प्रश्न इथंच सोडवला. खऱ्या मागावर त्या शेकड्यांनी असतात. ३ मिमी अंतरानं रेषा मारल्या तर ३०० पिक्सेलच्या चित्रात दर ३ पिक्सेलला एक रेष येते, आणि चित्र लहान-मोठं होताना रेषा आणि पिक्सेल यांचा मेळ बसत नाही. मग जिथं काहीच नाही तिथं लाटांसारखे पट्टे उमटतात. कच्चं स्कॅन फोनवर लहान-मोठं करून पाहिलं, पट्टे स्पष्ट दिसले. उपाय: दोऱ्यांच्या जुड्या. प्रत्येक जुडी २ मिमी जाड, मधे ४ मिमी पांढरं, म्हणजे दर ६ मिमीला एक. फळीची रुंदी २१६ मिमी धरली, ३६ जुड्या बसतात. जे-कार्डात दोन्ही कडेच्या दोन-दोन कापल्या जातील, चालेल. वर जिथं जुड्या एकत्र येतात तिथं पांढरं १ मिमीपेक्षा कमी उरायला लागलं की रेषा थांबवायच्या आणि सांगाड्याच्या काळ्यात मिसळायच्या. टोकापर्यंत ओढत नेलं तर छपाईत तिथं काळा डाग होतो.

१७ फेब्रुवारी: अक्षरं

टॉवेलच्या काठावर नाव विणतात तशी अक्षरं. तिरकी रेष नाही, गोलाई नाही, सगळं पायऱ्यांचं. आलेखावर देवनागरी बसवताना रोमनपेक्षा उंची जास्त लागते: वर वेलांटी-मात्रेची जागा, मधे अक्षर, खाली उकार. अक्षराचं मधलं अंग १० घरं धरलं तर वर ४ आणि खाली ३ घरं मोकळी सोडावी लागतात. शिरोरेषा २ घरं जाड. १ घर ठेवली तर लहान चित्रात नाहीशी होते आणि अक्षरं सुटी-सुटी लोंबतात.

जोडाक्षरात पोटातली पोकळी आधी भरून जाते. पोकळी किमान २ × २ घरं, नाहीतर अक्षर रुंद करायचं. अनुस्वार २ × २ घरांचा नको, कारण शिरोरेषेच्या वर तो चौकोनी ठोकळा वाटतो. ३ घरं रुंद, कोपरे कापलेले, आणि शिरोरेषेपासून पूर्ण १ घर अंतर. रफाराचा आकडा पायऱ्यांत नीट येत नाही. तो जरा मोठा केला आणि त्याचं टोक शिरोरेषेत घुसवलं.

६४ पिक्सेलवर नाव वाचता येत नाही अशी तक्रार बँडकडून आली. येणारच नाही. तिथं नाव शेजारी छापील अक्षरात असतं. त्या मापात कव्हर नुसतं ओळखू आलं की काम झालं, आणि त्यासाठी वरचा काळा ठोकळा व खालचे दोन रंग पुरतात.

२० फेब्रुवारी: चादरीचा आलेख

चादरीचा भाग खऱ्या डिझाइनच्या आलेखासारखा मांडला. उभी घरं म्हणजे ताणा, आडवी म्हणजे बाणा. कापडात इंचाला ताणे आणि बाणे सारखे नसतात, म्हणून डिझाइनचं घर चौरस नसतं. इथं घर ५ मिमी रुंद, ४ मिमी उंच घेतलं. त्यामुळे हलगीचं वर्तुळ १२ घरं रुंद आणि १५ घरं उंच: ६० मिमी × ६० मिमी. दोन्हीकडे १२ मोजली तर हलगी चपटी होऊन ताट दिसते.

गोलाईच्या पायऱ्या चढत-उतरत्या क्रमानं ठेवायच्या: ४, २, १, १, आणि मग उभ्या दिशेनं १, १, २, ४. मधेच ३ नंतर १ आणि परत ३ आलं की कडेला खड्डा दिसतो. गिटारच्या कमरेला तसं होत होतं, तिथं पूर्ण कमरच एका घरानं सरकवली. तारा काढल्या नाहीत. एका घराची तार म्हणजे ५ मिमी जाड दोरखंड.

कापडात बाणा फार लांब मोकळा सोडला तर धागा लोंबतो आणि बोटात, पैंजणात अडकतो. म्हणून मोठ्या एकरंगी जागेत ठरावीक अंतरानं टाके घेतात. चित्रात लोंबायला काही नाही, तरी टाके घातलेच: दर ६ घरांनी एक ठिपका, पुढच्या ओळीत ३ घरं सरकवून. मोठा सपाट रंग एकदम विणल्यासारखा दिसायला लागला. यापलीकडे "पोत" म्हणून काही करायचं नाही.

मागच्या कार्डाला नवं चित्र लागणार नाही. चादर उलटली की नक्षी तीच आणि रंग अदलाबदल झालेले. मागं तेच, फक्त दोन रंगांच्या जागा बदलून आणि चित्र आडवं उलटवून.

२६ फेब्रुवारी: पेन्सिल पसंत, कागदावर उतरवणं

बँडकडून दोन बदल: बेसची मान लांब, ड्रमची झांज वर. झाले. दुसरा हप्ता जमा.

कागद २५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) गुळगुळीत ब्रिस्टल, अर्ध्या इंपिरियल शीटचा. इतक्या जाड कागदातून लाइट बॉक्सचा उजेड धड येत नाही. ट्रेसिंगच्या मागं २बी पेन्सिल घासून, समोरून कडक ४एच नं उतरवलं. कार्बन पेपर वापरू नये. त्यातलं मेण कागदावर राहतं, खोडता येत नाही आणि शाई त्यावरून सरकते. चारी कोपऱ्यांत नोंदणीच्या फुल्या (रंग एकमेकांवर जुळवायच्या खुणा): एकाच बाजूच्या दोन फुल्यांमध्ये अचूक ३०० मिमी, स्टीलच्या पट्टीनं मोजून.

४ मार्च: शाई

मोठ्या काळ्या जागांना ब्रश आणि वॉटरप्रूफ इंडियन इंक, रेषांना ०५ आणि ०८. जुड्यांच्या दोन्ही कडा ०८ नं पट्टी धरून, मधलं ब्रशनं. पट्टीची तिरपी कड कागदापासून उचललेली हवी. पट्टीखाली मधोमध टेपचे दोन थर लावले की शाई पट्टीखाली ओढली जात नाही.

सोलापूरची मार्चमधली हवा कोरडी आणि तापट. वाटीतली शाई थोड्या वेळात दाट होते, ब्रशच्या मुळाशी गोळा होते. लहान झाकणात थोडीच ओतायची, दाट झाली तर टाकून द्यायची. डिस्टिल्ड पाण्याचे थेंब घालून ती परत पातळ होते, पण काळा फिका पडतो. पंखा थेट टेबलावर नको. सकाळी दहाच्या आत मोठ्या काळ्या जागा, दुपारी रेषा. हाताखाली कोरा कागद कायम, कारण घामाचा तेलकट डाग दिसत नाही आणि शाई लागल्यावर तिथंच ठिपके पडतात.

जकार्डचा काळा भाग एकदम भरला तर कागद तिथं आक्रसतो आणि टेप लावलेला असूनही पोट काढतो. हाताएवढे तुकडे, एकाआड एक, मधले तुकडे पहिले वाळल्यावर.

खोडणं दुसऱ्या दिवशी. खोडरबरानं मायक्रॉनचा काळा किंचित करडा होतो, इंडियन इंकचा होत नाही. मग एकाच चित्रात दोन काळे दिसतात. मूळ चित्र फ्रेम करून विकायचं असेल तर रेषा परत गिरवाव्यात. छपाईपुरतं स्कॅनमध्ये ते सारखं होतं.

११ मार्च: रंगांच्या फिल्म

दोनच रंग: हळदी आणि राणी. दोन्ही एकमेकांवर आले की तांबडा, म्हणजे दोन स्क्रीनमध्ये तीन रंग. काळा तिसरा स्क्रीन.

प्रत्येक रंगाचा भाग वेगळ्या फिल्मवर, काळ्या अपारदर्शक रंगानं. ट्रेसिंग पेपर इथं टाळला. ओल्या रंगानं तो फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, आणि दोन फिल्म जुळवताना कडेला मिलिमीटरभर फरक पडतो. दुकानात पॉलिएस्टर ड्राफ्टिंग फिल्म मागून घ्यावी, माप बदलत नाही. खरखरीत बाजू वर, नाहीतर रंग धरत नाही. दोन हात द्यायचे आणि खिडकीसमोर धरून बघायचं: उजेड आरपार दिसला तिथं स्क्रीनवर टाचणीची भोकं पडतात.

रंगाची कड काळ्या रेषेच्या मध्यापर्यंत न्यायची. रेष किमान १ मिमी असेल तर दोन्हीकडून अर्धा मिमी सरकलं तरी पांढरं डोकावत नाही. चादरीच्या नक्षीत काळी रेष नाही, तिथं हळदी सलग घातला आणि राणी त्यावर. शेजारी-शेजारी ठेवले असते तर प्रत्येक पायरीवर फट दिसली असती.

१५ मार्च: स्कॅन

ए४ स्कॅनर, चार तुकडे, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केल, टिफ फाइल. आपोआप उजेड-कडा-सफाई करणारं सगळं बंद, नाहीतर चार तुकड्यांचे चार पांढरे येतात. शीट आधी ३३० मिमीपर्यंत कापली. पातळ स्कॅनरांत कागद काचेपासून जरा उचलला की लगेच धूसर येतो, आणि मोठा कागद चौकटीच्या काठावर चढतोच. वर वजन ठेवलं.

जोडल्यावर तपासणी एकच: फुल्यांमधलं अंतर ७०८७ पिक्सेल हवं (३०० मिमी, ६०० डीपीआयला). ४-५ पिक्सेलचा फरक चालतो. २० असेल तर एखादा तुकडा तिरका बसलाय. फिल्मचं स्कॅन मागं पांढरा कागद ठेवून, तसंच.

काळ्याची प्लेट (फक्त काळ्या रंगाची वेगळी प्रतिमा) शुद्ध काळी-पांढरी केली. सीडीच्या मापाला ती १५०० डीपीआय होते, रेषा धारदार राहतात. ऑनलाइनसाठी मात्र लहान करण्याआधी परत ग्रेस्केल करायची, नाहीतर प्रत्येक कडेला पायऱ्या दिसतात. आधीच पायऱ्यांची नक्षी, त्यात या वेगळ्याच.

१८ मार्च: रंगांची मूल्यं

छपाईसाठी हळदी: पिवळा ९५, मजेंटा २५. राणी: मजेंटा ९५, पिवळा २०, निळसर १०. पडद्यावरचा राणी कागदावर कधीच तेवढा पेटत नाही, कारण तो रंग चार शाईंच्या आवाक्याबाहेरचा. बँडला फोन आणि कागद शेजारी धरून तुलना करू नका, असं आधीच सांगितलं. ऑनलाइनची फाइल वेगळी, एसआरजीबीत (पडद्याच्या रंगपद्धतीत), तिथं राणी हवा तेवढा भडक.

काळा दोन प्रकारचा. बारीक रेषा आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत. जकार्डच्या ठोकळ्यात काळा १००, निळसर ४०, मजेंटा ३०, पिवळा ३०. ठोकळ्यात कोरलेल्या पांढऱ्या नावाभोवती परत फक्त काळा, कारण चार शाई जराशा सरकल्या की पांढऱ्या अक्षराला रंगीत कड येते.

२१ मार्च: पुस्तिका, मागचं कार्ड, जे-कार्ड

आठ पानं, १३० जीएसएम, मधे पिना. तेलुगू आणि कन्नड गीतं युनिकोडमध्येच मागवली. फोटोवरून टाइप करू नयेत. पानावर बसवल्यावर ती त्या भाषेत वाचणाऱ्याला छापील कागदावर दाखवली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वत्तु आणि ओत्तक्षरं (तेलुगू-कन्नड जोडाक्षरांत अक्षराखाली लागणारी रूपं) सुटी होऊन बाजूला पडतात आणि न वाचणाऱ्याला ते कळतही नाही. तेलुगूत तसं एका ओळीत झालंच होतं. पानरचनेच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींचा कंपोझर निवडल्यावर जुळलं.

मागचं कार्ड १५१ × ११८ मिमी, दोन्ही बाजूंना ६.५ मिमीचे कणे. कण्यावर नाव दोन्हीकडे एकाच दिशेनं वाचता येईल असं. बारकोड घालायचा तर पांढऱ्यावर काळा, पूर्ण माप ३७.२९ × २५.९३ मिमी, ८० टक्क्यांपेक्षा लहान नको. राणी रंगात बारकोड छान दिसेल अशी सूचना होती. स्कॅनरच्या लाल उजेडाला राणी पांढराच दिसतो, बारकोड वाचलाच जात नाही.

जे-कार्ड २०० जीएसएमवर. घडीवर काळा असेल तर आधी क्रीज (दाबून घडीची खाच) मारून मगच मोडायचं, नाहीतर टोनर तडकतो आणि कण्यावर पांढरी रेघ येते. छापखान्याला हे तोंडी सांगून विसरू नये. फाइलमध्ये क्रीजच्या रेषा वेगळ्या लेयरवर दिल्या.

२५ मार्च: ऑनलाइन फाइल

३००० × ३०००, जेपीजी. कव्हरवर फक्त बँडचं आणि अल्बमचं नाव. संकेतस्थळ, हँडल, क्यूआर कोड, किंमत, सेवेचा लोगो यातलं काही असलं तर वितरक कव्हर परत पाठवतात. कव्हरवर जे नाव तेच माहितीच्या रकान्यात, त्याच ऱ्हस्व-दीर्घासह.

२ एप्रिल: स्क्रीन

तीन फ्रेम, आतून २० इंच, म्हणजे ३०० मिमीच्या चित्राभोवती पुरेशी मोकळी जाळी. कमी ठेवली तर कडेला जाळी ताठ राहते आणि छाप पुसट येते. जाळी १२० नंबरची (सेंटिमीटरला १२० धागे), कारण नावाची कड बारीक आहे.

हळदी आणि राणीला हाताच्या फिल्म थेट. काळा मात्र ब्रिस्टलवर, त्याला स्कॅनवरून पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवर काळी छापलेली प्रत) काढावी लागते, आणि इथं खोच आहे. लेसर प्रिंटरच्या तापलेल्या रोलरखालून जाताना फिल्म आक्रसते. ३०० मिमीत मिलिमीटरभर आक्रसली तरी हाताच्या फिल्मशी जुळत नाही. फिल्म आधी एकदा कोरीच मशिनमधून काढायची म्हणजे आक्रसायची ती तिथंच आक्रसते, मग छापायची. फुल्यांमधलं अंतर पट्टीनं ३०० मिमी भरलं तरच पुढं.

डायक्रोमेटवाल्या इमल्शनला (जाळीवर द्यायच्या, उजेडानं कडक होणाऱ्या थराला) उन्हाळा सोसत नाही. कोटिंग केलेला स्क्रीन तापलेल्या खोलीत ठेवला तर अंधारातही ते आपोआप कडक होत जातं आणि नंतर पाण्यानं सुटत नाही. रात्री कोटिंग, पहाटे एक्स्पोज (फिल्ममधून उजेड देणं), लगेच धुणं. डायक्रोमेट विषारी, हातमोजे घालायचे आणि धुतलेलं पाणी झाडांना घालायचं नाही. नवा डबा उघडला की वेळेची चाचणी: काळा पुठ्ठा सरकवत २०, ४०, ६०, ८०, १०० सेकंदांच्या पट्ट्या. कमी वेळात कडा विरघळतात, जास्त वेळात अनुस्वाराभोवतीची जागा बुजते. आणि हो, नळाच्या पाण्याची पाळी बघून दिवस ठरवायचा. तीन स्क्रीन धुवायला बादलीभर पाण्यात भागत नाही.

५ एप्रिल: छपाई

कागद ३०० जीएसएम, कोटिंग नसलेला, गठ्ठा सोडून खोलीत पसरून ठेवलेला. ५० पोस्टरांसाठी ६० शीट.

क्रम हळदी, राणी, काळा. राणीत निम्म्याहून जरा कमी प्रमाणात पारदर्शक मीडियम (रंग नसलेली शाई), नाहीतर तो हळदीला पूर्ण झाकतो आणि तांबडा मिळतच नाही. मीडियम जास्त झालं तर राणी गुलाबी पडतो. त्याच कागदाच्या कपट्यावर बोटानं ओढून, वाळवून बघायचं. ओला रंग नेहमी गडद वाटतो.

पाण्याची शाई या हवेत जाळीतच वाळते. प्रत्येक छापानंतर स्क्वीजीनं (शाई ओढायच्या रबरी पट्टीनं) हलका थर परत पसरून ठेवायचा, स्क्रीन उघडा सोडायचा नाही, शाईत थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य). चहाला थांबायचं तर आधी जाळी ओल्या फडक्यानं पुसायची. जाळी आणि कागदात २-३ मिमी अंतर. अंतर नसलं तर कागद जाळीला चिकटून उचलला जातो आणि कड दुहेरी होते. कागद दर वेळी त्याच दोन कडांना टेकवायचा, तीन खुणा: लांब कडेला दोन, आखूड कडेला एक.

राणी छापल्यावर काही शीट डावीकडे सरकलेली दिसली. कारण कागदाची कड: दुकानातली कापणी काटकोनात नव्हती. ती बाजूला काढली, काळ्याच्या चाचणीला उपयोगी पडली. काळा सगळ्यात शेवटी, दोन्ही रंग पूर्ण वाळल्यावर, दाबून एकाच ओढीत. दुसऱ्यांदा ओढलं की जुड्यांमधलं पांढरं भरत जातं.

८ एप्रिल: सुपूर्द

खाली उजवीकडे पेन्सिलनं क्रमांक, १/५० पासून. फायली चार फोल्डरांत: ऑनलाइन, सीडी, कॅसेट, मूळ स्कॅन. मूळ स्कॅनच्या फोल्डरात तीन प्लेटा वेगवेगळ्या, कारण पुढं टी-शर्टचं निघालं की छपाईवाला त्याच मागेल. छापखान्याच्या पीडीएफमध्ये अक्षरं आउटलाइन केलेली (फाँट लागू नये म्हणून नुसते आकार), तेलुगू-कन्नड पानांची उघडी फाइल जोडीला. काळ्याचा स्क्रीन अजून सोललेला नाही, बाकी दोन्ही सोलून जाळी मोकळी केली. शेवटचा हप्ता आल्यावर लिंक दिली.